करंटची पट्टी थांबू दे, आधी तांदूळ निवडा

पत्र: मी ३९ वर्षांची आहे. सांगलीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात हिशेब बघते. साडेचार महिन्यांपूर्वी स्कूटरवर मागे बसले होते, गाडी खड्ड्यात आदळली आणि मी डोक्यावर पडले. पाच-दहा मिनिटं शुद्ध नव्हती असं हे सांगतात. सीटी स्कॅन नॉर्मल आला, एक रात्र ठेवून घरी सोडलं. तेव्हापासून डोकं जड असतं, झोप तुटक लागते, रोज एखादी गोळी घ्यावीच लागते. जीएसटीचे आकडे टाकताना ओळ चुकते, दूध उतू जातं, लग्नाच्या हॉलमध्ये दोन तास बसलं की डोकं ठणकायला लागतं. घरचे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत. धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो डोक्याला लावायची करंटची पट्टी आणि मेंदूच्या व्यायामाचं ॲप पाठवतोय. रोज वीस मिनिटं, घरबसल्या, असं म्हणतो. सासूबाई म्हणतात, शॉक घेऊन वेड लागेल. मी काय करू? आणि हे कायमचं आहे का?

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. तुम्ही तो पत्राच्या टोकाला घातलाय, पण रात्री छताकडे बघत तोच घोळवत असणार. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही मेंदूची सौम्य दुखापत वाटते. शुद्ध अर्ध्या तासाच्या आत परत आली, आठवणीतला गोंधळ २४ तासांच्या आत निवळला आणि इस्पितळात ग्लासगो कोमा स्केलवर, म्हणजे शुद्धीची पातळी मोजायच्या पंधरा गुणांच्या मोजपट्टीवर, १३ ते १५ गुण भरले, की डॉक्टर ‘सौम्य’ म्हणतात. हा शब्द त्या दिवशीच्या मारापुरता आहे. पुढचे महिने सौम्य जातील असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. बहुतेक लोक पहिल्या तीन महिन्यांत सावरतात, काहींचं रेंगाळतं. तुमचं रेंगाळलंय. पण रेंगाळलेलंही सुधारतं, आणि ते सुधारायला हातात बरंच काही असतं.

तुमच्या घरच्यांना माझा एवढा निरोप द्या. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाडाची मोड शोधायला काढतात. घराच्या भिंतीला तडा गेलाय का, छत गळतंय का, हे त्यात कळतं. भिंतीच्या आतल्या तारा ओढल्या गेल्या असतील तर ते त्या फोटोत येत नाही. तेव्हा ‘नॉर्मल’ ही मोठ्या दिलाशाची बातमी आहे, पण तुम्ही ढोंग करताय याचा तो दाखला नव्हे.

आता एक गोष्ट तुमच्यासाठी, जरा टोचेल. डोक्याला मार लागलेल्या माणसांना अपघाताआधी आपण होतो त्यापेक्षा जास्त धडधाकट होतो असं आठवतं, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. दूध आधीही कधीमधी उतू जात असेलच ना? तेव्हा आपण गॅस पुसून मोकळ्या होत होतो. आता तेच दूध उतू गेलं की छातीत धस्स होतं. प्रत्येक चुकीवर असं धस्स होत राहिलं तर पुढची चूक लवकर होते, कारण निम्मं लक्ष स्वतःवर पहारा देण्यात जातं.

आता पट्टीकडे येते.

सासूबाईंच्या मनात जो शॉक आहे तो वेगळा. तीव्र नैराश्यात भूल देऊन जो विद्युत उपचार करतात त्यात शेकडो मिलिअँपिअरचा प्रवाह काही सेकंद जातो आणि मुद्दाम आकडी आणली जाते. भावाने सांगितलेल्या पट्टीत साधारण १ ते २ मिलिअँपिअरचा एकसारखा, मंद प्रवाह असतो. ओल्या स्पंजाखाली मुंग्या येतात, खाज सुटते, कातडी लाल होते. त्यातला बराचसा प्रवाह कातडीतूनच इकडून तिकडे निघून जातो, थोडा कवटीपलीकडे पोचतो. तो मेंदूच्या पेशींना काम करायला लावत नाही, फक्त काम सुरू करायला लागणारा उंबरठा किंचित खाली-वर करतो. हे कळलं की पट्टीसोबत व्यायाम का जोडतात ते आपोआप कळतं. लक्ष देण्याचं काम चालू असताना त्याच भागाचा उंबरठा खाली असेल तर सराव जास्त मुरेल, अशी कल्पना. पट्टी लावून मालिका बघत बसलात तर मुरायला काही नाही.

कल्पना जुनी आहे, बरं का. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा डोक्याला लावायला सांगत असे. आल्दिनी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने उदासीने ग्रासलेल्या एका शेतकऱ्याच्या डोक्याला बॅटरीचा प्रवाह दिला आणि १८०४ साली ती हकिगत छापली. आजची पद्धत मात्र जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे २००० साली छापून आलेल्या प्रयोगांपासून नीट मार्गी लागली. मासा लावून घेणाऱ्यालाही बरं वाटतच असेल. हे मी थट्टेने म्हणत नाही. म्हणूनच चांगल्या चाचण्यांत निम्म्या लोकांना खोटा प्रवाह देतात. सुरुवातीला अर्धा-एक मिनिट मुंग्या आणायच्या आणि मग यंत्र गुपचूप बंद करायचं. त्या लोकांनाही बरं वाटतं. खरा प्रश्न असतो, ज्यांना पूर्ण वेळ प्रवाह दिला त्यांना त्याहून जास्त बरं वाटलं का?

इथे चित्र धूसर आहे. घरी वापरायच्या यंत्राच्या मोठ्या चाचण्या झाल्या त्या नैराश्यावर. २०२४ साली दोन निकाल आले आणि दोघांची तोंडं दोन दिशांना होती. एकात १७४ रुग्ण होते, घरी दहा आठवडे उपचार, फायदा दिसला. ब्राझीलमधल्या दुसऱ्यात २१० रुग्ण होते, खोट्या प्रवाहापेक्षा फायदा दिसला नाही. ही नैराश्याची गोष्ट, जिथे अभ्यास बऱ्यापैकी झालाय. डोक्याला मार लागल्यानंतर घरी पट्टी आणि सोबत संगणकावरचा सराव, यावर आहेत ते लहान प्रयोग आणि एकेका रुग्णाचे अहवाल. त्यातले काही आशा दाखवतात. पण एका माणसाला बरं वाटलं त्यावर मी तुम्हाला रोज डोक्याला तारा लावायला सांगणार नाही.

सुरक्षेचं काय, तर त्याबाबत उगाच घाबरवायचं नाही. २०१६ साली या पद्धतीच्या ३३,२०० हून जास्त सत्रांचा आढावा घेतला गेला. नेहमीच्या मर्यादेत वापरलं तर गंभीर इजा झाल्याची नोंद त्यात नाही. पण ती सत्रं प्रयोगशाळेत, नेमून दिलेल्या रीतीने झालेली. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या ३९ संशोधकांनी घरी स्वतःच प्रयोग करणाऱ्यांसाठी एक खुलं पत्र छापलं. प्रवाह फक्त पट्टीखालच्या जागी राहत नाही, थोडा बदल केला तरी परिणाम उलटा होऊ शकतो, एक क्षमता वाढवताना दुसरी खाली येऊ शकते आणि माणसागणिक फरक फार, असं त्यांचं म्हणणं. ही सगळी माणसं स्वतः हेच संशोधन करणारी. हलवायानेच सांगितलं की मिठाई बेताने खा, तर ऐकावं.

तुमच्या बाबतीत आणखी काही गोष्टी विचाराव्या लागतील. कवटीला बारीकशी चीर होती का? हाडात फट असली की प्रवाहाची वाट बदलते. अपघातानंतर कधी आकडी, फेफरं, क्षणभर हरवल्यासारखं झालंय का? डोक्यात कुठे धातू आहे का? दिवस राहिलेत का? गोळ्या कुठल्या चालू आहेत? कार्बामाझेपिनसारख्या आकडीवरच्या औषधाने या प्रवाहाचा परिणाम पुसला जातो, म्हणजे पट्टी लावूनही हाती काही नाही. याची उत्तरं न्यूरोलॉजिस्टने तुम्हाला समोर बसवून घ्यायची. न्यू जर्सीहून व्हॉट्सॲपवर हे होणार नाही, भाऊ कितीही हुशार असला तरी.

आणि ‘घरबसल्या’ या शब्दात एक गफलत आहे. न्यूयॉर्कमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांसाठी घरच्या उपचाराची जी रीत बसवली गेली, त्यात यंत्र घरी असतं, पण रुग्ण एकटा नसतो. पट्टी कशी बसवायची ते आधी शिकवतात, व्हिडिओवर माणूस समोर असतो, दुखतंय का, जळजळ होतेय का हे विचारतो, आणि मग त्या एका सत्रापुरता आकड्यांचा कोड देतो. कोड नाही तर यंत्र चालू होत नाही. दिवसात दोनदा, जास्त वेळ, अशी लहर चालत नाही. तुमचा भाऊ पाठवतोय ते यंत्र असं आहे का, तेवढं विचारा. नसणार, असा माझा अंदाज.

माझं मत सरळ आहे. आत्ता पट्टी लावू नका. त्यात विष भरलंय म्हणून नव्हे. तुमच्या लक्षाला कुरतडणारी निदान तीन कारणं तुम्ही स्वतःच पत्रात लिहिली आहेत, आणि त्यांच्याकडे अजून कुणी बघितलेलं नाही.

पहिलं, रोजची गोळी. साधी वेदनाशामक महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. मेडिकलवाल्याकडून आणलेलं गोळ्यांचं पाकीट संपतं, दुसरं येतं, डोकं तसंच. ही मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटली आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. कुठल्या गोळ्या, कोणत्या तारखेला, हे कॅलेंडरवर महिनाभर खुणा करून डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून एकदम तोडू नका, काहींना त्याने आठवडाभर जास्त त्रास होतो, तेव्हा हाताशी डॉक्टर असलेला बरा.

दुसरं, झोप. तुटक झोपेच्या चौथ्या दिवशी धडधाकट माणसाचीही ओळ चुकते. घोरणं आहे का, हे घरच्यांना विचारा. संध्याकाळनंतरचा चहा बंद, उठायची वेळ रविवारीही तीच. तिसरं, लग्नाचा हॉल. बेंजो, दिवे, एकावर एक बोलणं. मार लागल्यानंतर आवाज आणि उजेड सोसत नाही, मान आखडलेली असते. सोबत कुशीवर वळताना घर फिरल्यासारखं होत असेल तर जरूर सांगा. कानातल्या बारीक खड्यांमुळे येणारी ती भोवळ डोक्याला मार लागल्यावर बऱ्याचदा दिसते आणि डॉक्टरांनी डोकं ठरावीक रीतीने वळवलं की पुष्कळदा एक-दोन भेटींत जाते. तेवढ्यासाठी माणसं महिनोन्‌महिने भिंत धरून चालतात! शिवाय थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, मार लागला म्हणून ते नीट असेलच असं नाही.

डोकेदुखी दिवसेंदिवस चढत गेली, सारख्या उलट्या झाल्या, हातापायातली ताकद कमी वाटली, बोलणं अडखळलं, आकडी आली किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगी येऊ लागली, तर मात्र हे पत्र बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

आता ॲप. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या जाहिरातीवर आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या मदतीने ११,४३० लोकांकडून सहा आठवडे मेंदूचे खेळ करून घेतले, निकाल २०१० साली छापला. लोक त्या खेळांत तरबेज झाले, त्याबाहेर फरक पडला नाही. ल्युमॉसिटी या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीने तर फसव्या दाव्यांच्या प्रकरणात २०१६ साली अमेरिकी सरकारी आयोगाशी २० लाख डॉलर भरून तडजोड केली. पण ही निरोगी माणसं झाली. डोक्याला सौम्य मार लागलेल्या ८३ जणांवर, त्यात बहुतेक सैनिक आणि माजी सैनिक, अमेरिकेत एक चाचणी झाली. घरी रोज तासभर, आठवड्यातून पाच दिवस, तेरा आठवडे, फोनवर एक प्रशिक्षक. मार लागून सरासरी सात वर्षं झालेली होती, तरी विचाराच्या वेगाचा सराव करणाऱ्यांचे चाचण्यांतले गुण साधे संगणकखेळ खेळणाऱ्यांपेक्षा वाढले. सात वर्षांनंतरही मेंदू शिकतो, हे तुम्ही त्यातून घ्या. मात्र रोजच्या कामात आणि स्वतःला काय वाटतं यात दोन्ही गट सारखेच निघाले, हेही घ्या.

याहून मला बोलकी वाटते ती टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोची चाचणी. १२६ सैनिक, सहा आठवडे, चार गट. एकाला फक्त माहिती, एकाला संगणकावरचा सराव स्वतःचा स्वतः, एकाला थेरपिस्टसोबत प्रत्यक्ष कामांवरचा सराव, एकाला त्यात मनाच्या उपचाराची जोड. रोजच्या आयुष्यात फरक पडला असं ज्यांनी सांगितलं ते थेरपिस्टवाल्या दोन गटांतले. एकट्याने संगणकावर बसलेले नुसती माहिती मिळालेल्यांच्या पुढे गेले नाहीत. म्हणजे पैसे कुठे घालायचे? पट्टीचं आणि ॲपच्या वर्गणीचं बजेट असेल तर ते न्यूरोसायकॉलॉजिस्टच्या, म्हणजे लक्ष आणि आठवण तपासून सराव देणाऱ्या मानसतज्ज्ञाच्या, तपासणीत आणि सहा-आठ भेटींत घाला. पुण्या-मुंबईत ही माणसं आहेत, पहिली तपासणी समोरासमोर करा, पुढचं बरंचसं व्हिडिओवर चालतं.

तोवर घरी काय? बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत घरी करायचं लक्षाचं प्रशिक्षण कित्येक वर्षांपासून वापरात आहे आणि त्यातलं एक काम काय असावं? धान्य निवडणं. मिसळलेली धान्यं वेगळी करायची, वेळ आणि चुका मोजायच्या. आपल्या आज्या हे उन्हात बसून करत होत्या, फक्त घड्याळ लावत नव्हत्या. तुम्ही ताटलीत मूठभर तांदूळ, मूग आणि मसूर मिसळा. सकाळी, डोकं ताजं असताना, खोली शांत करून निवडा. किती मिनिटं लागली आणि किती दाणे चुकीच्या वाटीत गेले ते वहीत लिहा. चार-पाच दिवसांनी चुका संपल्या की काम अवघड करा. रेडिओ हळू लावा, किंवा मूग आणि मटकी घ्या, आकार जवळचे. दुसरं काम वर्तमानपत्राचं. एका रकान्यातला प्रत्येक ‘र’ पेन्सिलीने खोडायचा. ‘प्र’ मधला रकार आणि ‘र्य’ मधला रफारही धरायचा ठरवलात तर तुमच्या ऑफिसातले तरणेही चुकतील. दहा मिनिटं हे, दहा मिनिटं ते, बास. डोकं दुखायला लागलं की तिथेच थांबा, कुस्ती जिंकायची नाहीये.

आणि खरा सराव तुमच्या हिशेबावरच करा, कारण तुम्हाला मूग निवडण्यात पटाईत व्हायचं नाहीये. साहेबांशी बोलून महिनाभर सकाळच्या दोन तासांत तुमच्याकडे फोन येणार नाही एवढं मागून घ्या. एका वेळी एकच पक्षकार. बिलावर पट्टी, म्हणजे शाळेतली लाकडी पट्टी, ओळीखाली ठेवून आकडा ओठांतल्या ओठांत म्हणायचा, टाकायचा, टिक करायची. २५ मिनिटं झाली की उठून पाणी. दर टप्प्याची बेरीज त्याच टप्प्यात जुळवायची, संध्याकाळी शंभर नोंदींत चूक शोधायला लागू नये. पूर्वी हे सगळं न करता होत होतं, हे खरं. पाय मोडल्यावर काठी घेतोच ना, तशी ही काठी. दुधासाठी घड्याळाचा गजर आणि एक नियम: गॅस चालू असताना ओट्यापासून हलायचं नाही.

चालणंही औषधात धरा. पूर्ण विश्रांती फक्त पहिले एक-दोन दिवस, पुढे नाही, हे आता डॉक्टर एकमुखाने सांगतात. अमेरिकेत खेळताना डोक्याला मार लागलेल्या १०३ मुलांत, त्रास वाढणार नाही इतपत रोज व्यायाम करणारी १३ दिवसांत सावरली आणि फक्त अंग ताणायचे व्यायाम करणारी १७ दिवसांत. तुमचा मार जुना आहे, दिवसांचा हिशेब लागू नाही, पण रीत तीच. कृष्णाकाठी सकाळी वीस मिनिटं भरभर चाला. डोकेदुखी थोडी वाढली तर वेग कमी करा, चालणं सोडू नका. आणि पुढच्या वेळी स्कूटरवर मागे बसताना हेल्मेट. वेणी मोडली तरी चालेल.

भावाला नाही कसं म्हणायचं, याचं ओझं तुमच्या पत्रात जाणवलं. त्याला लिहा की तीन महिने मी हे करून बघते, वहीतले आकडे तुला दर रविवारी पाठवते. त्याला लांबून काहीतरी करायचंय, ते काम त्याला द्या. तीन महिन्यांनी गोळ्या आटोक्यात, झोप बरी, सराव नियमित आणि तरीही गाडी अडलेली असेल, तर न्यूरोलॉजिस्टना पट्टीबद्दल मोकळेपणाने विचारा. ते हो म्हणाले तर वर सांगितल्यासारखी, कुणाच्या तरी नजरेखाली, सरावाच्या वेळीच. त्या दिवशी केसांना तेल नको, तेलाने प्रवाह नीट जात नाही. एक स्पंज सहसा कपाळावर येतो, तेव्हा टिकली आणि तिचा गोंद पुसून काढा. स्पंज मिठाच्या पाण्याने सारखा ओला हवा, कोरड्या कोपऱ्याखाली कातडी भाजते. चार्जिंगला लावलेलं यंत्र डोक्याला लावायचं नाही.

पार्सल आधीच निघालं असेल तर परत पाठवायची घाई नको. खोकं न फोडता कपाटात ठेवा, आतली माहितीपुस्तिका तेवढी भावाकडून फोनवर मागवून घ्या आणि डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या खुणा केलेल्या कॅलेंडरसोबत तीही न्या.